द ड्रिफ्टर्स : एक नाव, इतके आवाज. सदस्यबदलांचा इतिहास कोणी सांगेल का?

सुरावट (प्रश्न)

नमस्कार. डू-वॉप या अमेरिकन गायनप्रकारातील गाणी मी सध्या कालक्रमाने ऐकत आहे. चार-पाच गायक, त्यांत एक मुख्य आवाज, त्याखाली खर्जातला बास, मध्ये निरर्थक अक्षरांवर धरलेले सूर आणि वाद्यांची जुजबी साथ, ही रचना एकदा कानात बसली की त्या काळातील बहुतेक समूह आवाजावरून ओळखता येतात. ‘द ड्रिफ्टर्स’ यांच्याबाबतीत मात्र मला ते अजून साधलेले नाही. ‘मनी हनी’ (१९५३) मधील उंच पट्टीचा, शब्दाशब्दाला कंप देणारा आवाज, ‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ (१९६०) मधील ठाम आणि उबदार आवाज आणि ‘अंडर द बोर्डवॉक’ (१९६४) मधील मोकळा आवाज हे तीन निरनिराळ्या माणसांचे आहेत, याबद्दल मला शंका नाही. पण हे तिघे या समूहात कधी एकत्र होते का, हे माझ्याकडील संकलनाच्या वेष्टनावरून कळत नाही. ‘होम अलोन’ या चित्रपटामुळे अनेकांच्या ओळखीचे झालेले ‘व्हाइट ख्रिसमस’ही त्यांचेच आहे आणि त्या एका गाण्यातच दोन मुख्य आवाज ऐकू येतात.

कोणत्या काळात कोण गात होते आणि माणसे इतक्या वेगाने का बदलत गेली, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. १९६० नंतरच्या गाण्यांना डू-वॉप म्हणणे योग्य आहे का, याबद्दलही मते वाचायला आवडतील.

जुनी तबकडी

आपण ऐकलेले तीन आवाज अनुक्रमे क्लाइड मॅकफॅटर, बेन ई. किंग आणि जॉनी मूर यांचे आहेत आणि हे तिघे या समूहात कधीही एकत्र नव्हते. मॅकफॅटर १९५४ मध्ये गेले, मूर १९५५ मध्ये आले आणि १९५७ मध्ये गेले, किंग १९५८ मध्ये आले आणि १९६० मध्ये गेले, आणि मूर १९६३ मध्ये पुन्हा परतले. या तारखांमागे जे घडले ते समजून घेण्यासाठी ड्रिफ्टर्सच्याही आधी, बिली वॉर्ड यांच्या ‘डॉमिनोज’ या समूहापासून सुरुवात करावी लागते.

मॅकफॅटर हे डॉमिनोजचे मुख्य टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक होते. चर्चमधील गॉस्पेल गायनातील आर्तता त्यांनी रिदम अँड ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय संगीतप्रकारात आणली आणि १९५२ च्या ‘हॅव मर्सी, बेबी’मुळे त्यांचा आवाज सर्वत्र पोहोचला. समूह मात्र वॉर्ड यांच्या मालकीचा होता आणि गायक त्यांचे पगारी नोकर होते. मॅकफॅटर यांची ओळख कधी कधी वॉर्ड यांचे भाऊ ‘क्लाइड वॉर्ड’ अशी करून दिली जात असे, म्हणजे आवाज ज्यांचा होता त्यांचे नावसुद्धा श्रोत्यांपर्यंत नीट पोहोचत नव्हते. १९५३ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सचे अहमेट अर्टेगन न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये डॉमिनोजना ऐकायला गेले, तेव्हा मंचावर मॅकफॅटर नव्हते. वॉर्ड यांनी त्यांना काढल्याचे कळताच अर्टेगन यांनी त्यांचा शोध घेतला आणि त्यांच्याभोवती नवा समूह उभा करण्याचा करार केला. डॉमिनोजमध्ये मॅकफॅटर यांची जागा जॅकी विल्सन यांनी घेतली, एवढे जाता जाता नोंदवतो.

ड्रिफ्टर्सचा पहिला संच मॅकफॅटर यांनी हार्लेममधील आपल्या जुन्या चर्चसमूहातून, माउंट लेबनॉन सिंगर्समधून उभा केला. त्यात डेव्हिड बॉल्डविन होते, सुप्रसिद्ध लेखक जेम्स बॉल्डविन यांचे बंधू. जून १९५३ मधील त्यांच्या ध्वनिमुद्रणाने कंपनीचे समाधान झाले नाही, त्यातले ‘लुसिल’ हे एकच गाणे पुढे बाहेर आले आणि संच बदलण्यात आला. आपण ज्यांना आद्य ड्रिफ्टर्स म्हणतो तो खरे तर हा दुसरा संच होय: गेरहार्ट आणि अँड्र्यू हे थ्रॅशर बंधू, बिल पिंकनी आणि विली फर्बी. हे सगळे गॉस्पेलमध्ये तयार झालेले गायक होते. ऑगस्टमध्ये त्यांनी जेसी स्टोन यांचे ‘मनी हनी’ ध्वनिमुद्रित केले आणि ते रिदम अँड ब्लूजच्या लोकप्रियतेच्या यादीत ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. चर्चमध्ये मुख्य गायक हाक देतो आणि समूह प्रतिसाद देतो, ती सारी रीत या गाण्यात जशीच्या तशी आहे. बदलला आहे तो फक्त विषय, कारण येथे घरमालक भाडे मागायला दारात उभा आहे.

‘व्हाइट ख्रिसमस’मधील पहिला, खोल आवाज पिंकनी यांचा आणि नंतर वर चढणारा आवाज मॅकफॅटर यांचा आहे. ही मांडणी ‘रेव्हन्स’ या समूहाने १९४८ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणावरून घेतली होती. पिंकनी दक्षिण कॅरोलायनाचे. दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते आणि नंतर कृष्णवर्णीयांच्या लीगमध्ये बेसबॉल खेळले. संचातील माणसे बदलली तशी त्यांची पट्टीही बदलली आणि फर्बी गेल्यावर बासची जागा त्यांच्याकडे आली.

१९५४ मध्ये मॅकफॅटर यांना सक्तीच्या लष्करी सेवेसाठी बोलावणे आले. डॉमिनोजमधील अनुभवामुळे त्यांनी ड्रिफ्टर्समध्ये स्वतःसाठी मोठा वाटा मागून घेतला होता. समूह सोडताना मात्र तो वाटा त्यांनी व्यवस्थापक जॉर्ज ट्रेडवेल यांना विकला. मागे राहणाऱ्या सहकाऱ्यांसाठी त्यात कोणतीही तरतूद नव्हती आणि याचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला. ट्रेडवेल हे पूर्वीचे ट्रम्पेटवादक आणि गायिका सारा वॉन यांचे पती व व्यवस्थापक होते. या एका व्यवहाराने ‘द ड्रिफ्टर्स’ हे नाव गायकांच्या हातून कायमचे गेले आणि आपण विचारलेल्या वेगवान बदलांचे मुख्य कारण, माझ्या मते, तेच आहे.

नंतर थोडा काळ डेव्हिड बॉगन यांनी मुख्य आवाज सांभाळला आणि १९५५ मध्ये क्लीव्हलँडच्या ‘हॉर्नेट्स’ समूहातून जॉनी मूर आले. ‘अडोरेबल’ आणि ‘रूबी बेबी’ ही त्यांची या काळातील गाणी. १९५६ मध्ये पिंकनी यांनी वेतनवाढ मागितली, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांच्यापाठोपाठ अँड्र्यू थ्रॅशरही गेले. १९५७ मध्ये मूर लष्करात गेले. १९५८ मधील ‘ड्रिप ड्रॉप’ बॉबी हेंड्रिक्स यांनी गायले, पण तोवर संचात कोण आहे आणि कोण नाही हे महिन्यामहिन्याला बदलू लागले होते.

मध्यसप्तक

जुनी तबकडी यांनी जेथे थांबवले तेथून पुढे लिहिते, कारण मला या समूहाविषयी जी ओढ वाटते ती १९५८ नंतरच्या सहा वर्षांमुळे आहे.

मे १९५८ मध्ये हार्लेममधील अपोलो थिएटरमध्ये झालेल्या भांडणानंतर ट्रेडवेल यांनी संपूर्ण संच काढून टाकला. अपोलोशी ड्रिफ्टर्सच्या नावाने झालेला दीर्घ मुदतीचा करार मात्र त्यांच्या हातात होता आणि तो पाळायचा तर मंचावर कोणीतरी ड्रिफ्टर्स उभे राहणे आवश्यक होते. त्यांनी लव्हर पॅटरसन यांच्या व्यवस्थापनाखालील ‘फाइव्ह क्राउन्स’ या समूहाला गाठले आणि चार्ली थॉमस, डॉक ग्रीन, एल्सबेरी हॉब्ज आणि बेंजामिन नेल्सन हे तरुण ड्रिफ्टर्स झाले. नेल्सन यांनीच पुढे बेन ई. किंग हे नाव घेतले. यांच्यापैकी एकानेही जुन्या ड्रिफ्टर्सच्या तबकड्यांवर गायलेले नव्हते. सुरुवातीच्या दौऱ्यांत मॅकफॅटर यांच्या जमान्यातील गाणी ऐकायला आलेल्या श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली आणि हा राग त्यांना बरेच महिने सोसावा लागला. श्रोत्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते आणि या तरुणांचाही त्यात दोष नव्हता.

मार्च १९५९ मध्ये जेरी लीबर आणि माइक स्टोलर या गीतकार-निर्मात्यांच्या हाताखाली त्यांनी ‘देअर गोज माय बेबी’ ध्वनिमुद्रित केले. गाण्याच्या लेखनात किंग यांचाही वाटा होता. मुख्य आवाज थॉमस यांचा असणार होता, परंतु मायक्रोफोनसमोर त्यांना ते जमेना आणि किंग पुढे झाले, असे सांगितले जाते. ब्राझीलच्या ‘बायाव’ तालावर, व्हायोलिन आणि चेलोच्या साथीने, जरासा बेसूर वाटणारा टिंपनी (मोठा नगारा) मागे घुमत असताना गायलेले हे गाणे अटलांटिकच्या जेरी वेक्सलर यांना मुळीच आवडले नव्हते. ते पॉप यादीत दुसऱ्या आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि कृष्णवर्णीय लोकप्रिय संगीतात तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्याला यानंतर रीतसर जागा मिळाली.

‘सेव्ह द लास्ट डान्स फॉर मी’ हे डॉक पोमस आणि मॉर्ट शूमन यांचे गाणे १९६० मध्ये पॉप यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तेथवर गेलेले ड्रिफ्टर्सचे हे एकमेव गाणे. पोमस यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि ते कुबड्यांच्या आधाराने चालत. स्वतःच्या लग्नात पत्नीला इतरांबरोबर नाचताना पाहिल्याची आठवण या गाण्यामागे आहे, हे समजल्यावर त्यातील संयम अधिक जाणवतो. किंग यांनी ते गायले आहे तेही आवाज एकदाही न चढवता.

आवाज आणि चेहरा यांची फारकत या काळात किती झाली होती, हे सुरावट यांना उपयोगी पडेल. पैशांवरून ट्रेडवेल यांच्याशी मतभेद झाल्यावर किंग यांनी दौऱ्यांवर जाणे जवळजवळ सोडले, पण स्टुडिओत ते गात राहिले. दौऱ्यांवर त्यांची गाणी जॉनी ली विल्यम्स गात आणि दूरचित्रवाणीवर किंग यांच्या आवाजावर बहुधा चार्ली थॉमस ओठ हलवत. त्यामुळे त्या काळातील चित्रफीत पाहून आवाज कोणाचा हे ठरवू नये. थॉमस यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर ‘स्वीट्स फॉर माय स्वीट’ (१९६१) ऐकावे. किंग १९६० मध्ये बाहेर पडले आणि ‘स्पॅनिश हार्लेम’ व ‘स्टँड बाय मी’ ही गाणी त्यांनी स्वतंत्रपणे गायली.

त्यांच्या जागी आलेल्या रूडी लुईस यांचे नाव वेष्टनांवर फार क्वचित दिसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ते क्लारा वॉर्ड यांच्या गॉस्पेल समूहातून आले होते. ‘सम काइंड ऑफ वंडरफुल’, ‘अप ऑन द रूफ’ (१९६२) आणि ‘ऑन ब्रॉडवे’ (१९६३) ही सगळी त्यांची गाणी आहेत आणि माझ्या मते संपूर्ण इतिहासात शब्द इतक्या नितळपणे मांडणारा दुसरा गायक या समूहाला लाभला नाही. २१ मे १९६४ रोजी ‘अंडर द बोर्डवॉक’चे ध्वनिमुद्रण ठरले होते आणि मुख्य आवाज लुईस यांचाच असणार होता. आदल्या रात्री, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. ध्वनिमुद्रण पुढे ढकलले गेले नाही आणि वर्षभरापूर्वी परतलेल्या जॉनी मूर यांनी ते गाणे गायले. आपल्याला मोकळा वाटलेला आवाज त्या दिवशीचा आहे.

सुरावट

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘अंडर द बोर्डवॉक’ मी इतके दिवस उन्हाळ्यातील हलकेफुलके गाणे म्हणून ऐकत होतो. ही हकिगत मला ठाऊक नव्हती.

एक शंका उरते. संपूर्ण संच काढून दुसऱ्याच समूहाला तेच नाव देणे कायद्याने चालत होते का? काढून टाकलेल्या गायकांना काहीच दाद मागता आली नाही का?

करारनामा

माझा पेशा कायद्याचा आहे, म्हणून एवढ्या भागापुरते लिहितो.

गायक पगारावर होते आणि नाव व्यवस्थापकाचे होते, त्यामुळे कराराच्या चौकटीत ट्रेडवेल यांना ते करता येत होते. ड्रिफ्टर्सवर लिहिणारे पुष्कळ जण ट्रेडवेल यांच्या स्वभावाला दोष देतात. मला मात्र तो त्या व्यवसायाच्या रचनेचा दोष वाटतो. बिली वॉर्ड यांनी डॉमिनोजमध्ये हेच केले होते. ‘प्लॅटर्स’च्या नावावरूनही त्यांचे व्यवस्थापक बक रॅम आणि गायक यांच्यात प्रदीर्घ वाद चालले. गायक तरुण, बहुतेक गरीब घरांतले, वकिलाशिवाय सही करणारे. तबकडीवर समूहाचे नाव छापले जाई, व्यक्तींचे नाही. त्यामुळे बाजारात किंमत होती ती नावाला, आणि आवाज बदलता येत असे.

काढलेल्या गायकांनी आपली वाट काढली. पिंकनी यांनी १९५८ मध्ये थ्रॅशर बंधू आणि इतरांना घेऊन ‘ओरिजिनल ड्रिफ्टर्स’ उभे केले. म्हणजे ‘मनी हनी’ ज्यांनी प्रत्यक्ष गायले त्यांना आपल्या नावामागे ‘मूळ’ हे विशेषण लावावे लागले आणि साधे ‘द ड्रिफ्टर्स’ हे नाव फाइव्ह क्राउन्समधून आलेल्या तरुणांकडे राहिले.

१९६७ मध्ये ट्रेडवेल यांचे निधन झाले आणि समूह त्यांच्या पत्नी फे ट्रेडवेल यांच्याकडे आला. १९७० च्या दशकात त्यांनी समूहाचा मुक्काम इंग्लंडमध्ये हलवला. दरम्यान अमेरिकेत एका आयोजकाने थॉमस, ग्रीन आणि हॉब्ज यांना घेऊन कार्यक्रम सुरू केले आणि १९७८ मध्ये ‘द ड्रिफ्टर्स’ हे व्यापारचिन्ह नोंदवून घेतले. हा वाद न्यू जर्सीतील संघीय न्यायालयात गेला. १९९९ मध्ये न्यायालयाने ती नोंदणी फसवणुकीने मिळवलेली ठरवून हक्क फे ट्रेडवेल यांच्या बाजूने मान्य केला आणि २००१ मध्ये तिसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. समूह अमेरिका सोडून गेला म्हणजे नाव सोडून दिले, हा युक्तिवाद टिकला नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांचा व्यापार चालू होता आणि त्यांची रॉयल्टी मिळत होती, तेवढा वापर न्यायालयाला पुरेसा वाटला. या निर्णयातील एक गोष्ट मला अस्वस्थ करते: नाव ज्यामुळे जिवंत राहिले ती ध्वनिमुद्रणे गायकांची होती, पण त्या जिवंतपणाचा कायदेशीर लाभ नावाच्या मालकाला मिळाला.

पुढे अनेक अमेरिकी राज्यांनी ‘ट्रुथ इन म्युझिक’ या नावाने ओळखले जाणारे कायदे केले. न्यू जर्सीचा कायदा २००७ चा आहे. ‘शा ना ना’ या समूहाचे जॉन बॉमन आणि ‘सुप्रीम्स’ या समूहाच्या मेरी विल्सन यांनी त्यासाठी मोठी खटपट केली. जुन्या समूहाच्या नावाने कार्यक्रम करायचा तर मूळ ध्वनिमुद्रणातील किमान एक हक्कदार सदस्य मंचावर हवा, किंवा आयोजकाकडे नोंदणीकृत व्यापारचिन्ह हवे, किंवा हा आदरांजलीचा कार्यक्रम आहे असे स्पष्ट जाहीर करावे, अशी साधारण तरतूद आहे. यातील दुसऱ्या पर्यायामुळे नावाचा मालक आजही सुरक्षित राहतो, हे वाचकांच्या लक्षात येईल.

खर्ज

डू-वॉपच्या प्रश्नावर कोणी लिहिले नाही, म्हणून माझे मत मांडतो. ते मध्यसप्तक यांना कदाचित पटणार नाही.

१९५९ नंतरचे ड्रिफ्टर्स मला डू-वॉप वाटत नाहीत. डू-वॉपमध्ये वाद्यांचे काम मानवी गळे करतात: ताल बासकडे, स्वरांचा भराव मधल्या दोघांकडे, आणि वरचा टेनर व्हायोलिनसारखा तरंगतो. रस्त्याच्या कोपऱ्यावर किंवा जिन्याखाली, वाद्य परवडत नसलेल्या मुलांनी ही रचना घडवली, म्हणून तिच्यात प्रत्येक गळ्याला अपरिहार्य जागा आहे. एक गळा बदलला की समूहाचा पोत बदलतो. ‘मनी हनी’मधून पिंकनी आणि थ्रॅशर बंधूंना वजा केले तर गाणेच उरत नाही. ‘अप ऑन द रूफ’चे तसे नाही, तेथे भराव वाद्यवृंदाकडे आहे. १९६० च्या दशकातील त्यांच्या अनेक ध्वनिमुद्रणांत तर मागे गायिका डिऑन वॉर्विक, त्यांची बहीण डी डी आणि सिसी ह्यूस्टन गात असत. अशाच एका ध्वनिमुद्रणात संगीतकार बर्ट बॅकरॅक यांनी डिऑन यांना हेरले. समूहातील उरलेले पुरुष गायक मग नेमके काय करत होते, हा प्रश्न पडतो आणि माझ्या कानाला त्याचे उत्तर समाधानकारक मिळत नाही.

माझा तर्क असा की सदस्य बदलणे सोपे गेले ते या रचनेमुळेही. वाद्यवृंद आणि निर्माते तेच राहिले की मुख्य आवाज बदलला तरी तबकडी ड्रिफ्टर्सचीच वाटत असे. केवळ करारामुळे हे इतकी वर्षे चालले नसते.

मध्यसप्तक

खर्ज, आपला शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, पहिला नाही. ‘देअर गोज माय बेबी’ सुरू होते ते बास आवाजाच्या निरर्थक अक्षरांनी. व्हायोलिन नंतर येतात. ‘अंडर द बोर्डवॉक’मध्ये कडवे मेजरमध्ये, म्हणजे उजळ वाटणाऱ्या स्वरसप्तकात चालते आणि धृपद येताच गाणे मायनरमध्ये, म्हणजे उदास वाटणाऱ्या सप्तकात उतरते, तेव्हा तो सगळा भार समूहगायनानेच पेलला आहे, तेथे सहगायक काढले तर ती छाया नाहीशी होईल. डू-वॉपचे व्याकरण या गाण्यांत आहे, फक्त ते आता एकटे नाही. ‘स्वीट्स फॉर माय स्वीट’ वाद्ये विसरून, केवळ मागचे आवाज धरून एकदा ऐकावे, अशी विनंती करते.

जुनी तबकडी

चर्चा चांगली रंगली आहे; इंग्लंडमधील पर्वाविषयी थोडक्यात भर घालतो. बेल रेकॉर्ड्ससाठी केलेल्या गाण्यांमुळे ड्रिफ्टर्स तेथे पुन्हा लोकप्रिय झाले आणि १९७४ मध्ये ‘किसिंग इन द बॅक रो ऑफ द मूव्हीज’ ब्रिटिश यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. मुख्य आवाज जॉनी मूर यांचा होता. १९५५ पासून, मधला खंड वगळता, सर्वाधिक काळ या नावाखाली गाणारे तेच. ३० डिसेंबर १९९८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मॅकफॅटर १९७२ मध्येच, वयाच्या ३९ व्या वर्षी गेले होते. पिंकनी २००७ पर्यंत, किंग २०१५ पर्यंत आणि थॉमस २०२३ पर्यंत होते.

१९८८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये ड्रिफ्टर्सचा समावेश झाला, तेव्हा सात नावे घेण्यात आली: मॅकफॅटर, पिंकनी, गेरहार्ट थ्रॅशर, मूर, किंग, थॉमस आणि लुईस. अँड्र्यू थ्रॅशर, ग्रीन, हॉब्ज आणि हेंड्रिक्स यांची नावे त्या यादीत नाहीत. सुरावट, आपण संकलन पुन्हा ऐकाल तेव्हा ध्वनिमुद्रणाचे साल शेजारी लिहून घ्या. १९५३ आणि १९५४ म्हणजे बहुतांशी मॅकफॅटर, १९५५ ते १९५७ मूर, १९५९ आणि १९६० मुख्यतः किंग, १९६१ ते १९६३ लुईस आणि अधूनमधून थॉमस, आणि १९६४ च्या मेनंतर पुन्हा मूर. तबकडी कधी बाजारात आली याचे साल घेऊ नका, कारण किंग यांची काही गाणी ते समूह सोडून गेल्यानंतर प्रसिद्ध झाली.